वीस जीबीचं सॉफ्टवेअर, चाळीस मशीन: आधी पोचवा, मग बसवा

एखादा ब्राउझर सगळ्या मशीनवर टाकायचा असेल तर फार डोकं लावावं लागत नाही. कन्सोलवरून सोडलं की चहा पिऊन येईपर्यंत काम झालेलं असतं. पण भोसरीच्या डिझाइन ऑफिसात सॉलिडवर्क्सची (यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) नवी आवृत्ती टाकायची असते किंवा सेमिस्टर सुरू व्हायच्या आत कॉलेजच्या लॅबमध्ये मॅटलॅब (गणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) हवं असतं, तेव्हा हाच खाक्या अंगाशी येतो. पॅकेज मोठं असलं की फाइल पोचवणं आणि सॉफ्टवेअर बसवणं ही दोन कामं वेगळी धरायची, शक्यतो वेगवेगळ्या रात्री करायची. मशीन विंडोजची आहेत आणि डोमेनमध्ये (ऑफिसच्या एका मध्यवर्ती सर्व्हरखाली) किंवा इंट्यून, कॉन्फिगरेशन मॅनेजरसारख्या, एका जागेवरून सगळी मशीन सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या टूलखाली आहेत, असं धरून पुढचं लिहिलंय.

आधी आकडेमोड

२० जीबीचं पॅकेज, ४० मशीन म्हणजे ८०० जीबी. प्रत्येक मशीनने ते १०० एमबीपीएसच्या लाइनवरून स्वतंत्र उतरवलं, तर पूर्ण वेग मिळूनही जवळजवळ १८ तास लागतात, आणि तोवर ऑफिसात कुणाचं मेल उघडत नाही. तेच ऑफिसातल्या सर्व्हरवरून गिगाबिट लॅनवर पाठवलं तर कागदावर पावणेदोन तास. कागदावर अशासाठी, की सर्व्हरमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एकदम चाळीस जण वाचायला लागल्यावर ती धापा टाकते. आठ-दहा मशीनच्या तुकड्या करा. मध्ये कुठे कपाटामागे जुना १०० एमबीपीएसचा स्विच दडलाय का, तेही बघून घ्या. त्याच्या पलीकडच्या सगळ्या मशीनना मिळून तेवढाच वेग मिळतो.

एकदाच उतरवा, कमी उतरवा

कंपनीच्या साइटवरचा छोटा इन्स्टॉलर बहुधा चालू झाल्यावर बाकीचं नेटवरून ओढतो. तो नको. मोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी अ‍ॅडमिनसाठी ऑफलाइन सोय दिलेली असते: व्हिज्युअल स्टुडिओत तिला लेआउट म्हणतात, ऑटोडेस्कमध्ये डिप्लॉयमेंट, सॉलिडवर्क्समध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इमेज. इथेच नको असलेले घटक गाळा. मॅटलॅबचे सगळे टूलबॉक्स प्रत्येक लॅबला लागत नाहीत. कोणते लागतात ते विषय शिकवणाऱ्या सरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

उतरवून झालं की विंडोजच्या पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅश कमांडने एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढून लिहून ठेवा. मशीनवर पोचलेली फाइल धड आहे की अर्धवट, हे पुढे त्यावरूनच कळणार आहे.

सायलेंट इन्स्टॉल हाताने करून बघा

'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबायला रात्री तिथे कुणी नसतं, म्हणून इन्स्टॉलर एकही प्रश्न न विचारता पूर्ण व्हायला हवा. एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची पॅकेज फाइल) असेल तर खिडक्या न दाखवणारा क्यूएन आणि रीस्टार्ट रोखणारा नोरीस्टार्ट हे कमांडचे स्विच आणि सोबत लॉग फाइल. मॅटलॅबसारख्या काहींना उत्तरं आधीच भरलेली टेक्स्ट फाइल द्यावी लागते.

हे तपासताना स्वतःच्या लॉगिनने चाललं म्हणून खूश होऊ नका. रिमोट टूल बहुतेक वेळा इन्स्टॉलर विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टिम' खात्याने चालवतं आणि त्या खात्याला तुमचा झेड ड्राइव्ह, म्हणजे अक्षर देऊन जोडलेला सर्व्हरवरचा शेअर फोल्डर, दिसत नाही. ड्राइव्हचं अक्षर लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये शेअरचा पूर्ण पत्ता लिहा. शिवाय नेटवर्कवर जाताना हे खातं त्या कॉम्प्युटरच्या नावाने जातं, म्हणून शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला वाचायची परवानगी लागते. 'माझ्याकडे चालतं, बाकी कुठेच चालत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं.

पोचवण्याची रात्र

ऑफिस एकाच ठिकाणी असेल तर विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड पुरते, वेगळं टूल विकत घ्यायची गरज नाही. झेड स्विच लावला की तुटलेली कॉपी तिथूनच पुढे चालू होते. आयपीजी स्विचने डेटाच्या पाकिटांमध्ये (पॅकेट) थोडं अंतर ठेवता येतं, म्हणजे दिवसाही हळूहळू कॉपी सोडता येते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. फाइल कॉपी झाली नाही तर रोबोकॉपी मुळात दर ३० सेकंदांनी, तब्बल दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. आर आणि डब्ल्यू स्विचने हे आकडे खाली आणा. दुसरं, काम संपल्यावर त्याने दिलेला कोड १ म्हणजे 'फाइल नीट कॉपी झाल्या'. ७ पर्यंत सगळं ठीक, ८ पासून पुढे गडबड. शून्य सोडून सगळ्याला अपयश समजणारं टूल तुमच्या यशस्वी मशीन लाल रंगात दाखवेल.

चाकण किंवा रांजणगावची शाखाही असेल आणि इंट्यून वापरत असाल, तर विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन कामाला लावा; शाखेतली मशीन आपसात तुकडे वाटून घेतात. ते शेजारी कोण हे सार्वजनिक आयपीवरून ओळखतं. दोन्ही ऑफिसं एकाच आयपीने बाहेर पडत असतील तर चाकणचं मशीन भोसरीच्या मशीनकडून ओढायला लागेल. तिथे गट ठरवून द्या.

ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधल्या मशीनना एकदम नियम लावायची सोय) मोठं पॅकेज सोडू नका. ती एमएसआय मशीन चालू होताना बसवते, आणि सकाळी साडेनऊला सगळी मशीन एकदमच चालू होतात.

जागा आधी तपासा. पॅकेज, ते उलगडताना लागणारी तात्पुरती जागा आणि बसलेलं सॉफ्टवेअर मिळून पॅकेजच्या तिप्पट जागा मोकळी हवी, हा माझा ढोबळ हिशेब. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या क्लायंटचा कॅशे मुळात ५ जीबीचाच असतो, तो वाढवल्याशिवाय २० जीबी उतरणारच नाही. इंट्यूनमध्ये एका विन-३२ पॅकेजची मर्यादा ३० जीबी आहे.

बसवण्याची रात्र

आधी चार-पाच मशीनवर करून बघा, आणि त्यासाठी आयटीतली चकचकीत मशीन घेऊ नका. अकाउंट्समधलं जुनं, डिस्क भरत आलेलं मशीन घ्या. तिथे चाललं तर बाकीकडे चालेल.

मग वार ठरवा. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून तो दिवस मोकळा वाटतो. पण विजेची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. महावितरणची सूचना बघून घ्या. मशीन झोपू नयेत म्हणून पॉवर सेटिंग बदला. बंद मशीन उठवायला वेक-ऑन-लॅन आहे, फक्त ते बायोसमध्ये चालू असावं लागतं. एवढं सगळं करूनही लॅब बंद करताना शिपाईकाका मेन स्विच पाडून जातात, त्यांची तशी सवयच असते. "काका, आज रात्री वरचा बोर्ड चालू राहू द्या," असं स्वतः जाऊन सांगा आणि बोर्डावर चिठ्ठी चिकटवा.

लॅबच्या मशीनवर डीप फ्रीझ (रीस्टार्टला मशीन पूर्वीसारखं करणारं सॉफ्टवेअर) असेल तर ते आधी 'थॉ', म्हणजे तात्पुरतं सैल, करा. नाहीतर रात्री व्यवस्थित बसलेलं सॉफ्टवेअर सकाळी रीस्टार्टबरोबर गायब.

वेळेची मर्यादा वाढवा: इंट्यून मुळात ६० मिनिटं वाट बघतं, कॉन्फिगरेशन मॅनेजर १२०. जुन्या डिस्कवर, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत असताना, मोठं पॅकेज याच्या पुढे जातं. काम चालू असताना टूल मात्र 'फेल' लिहून मोकळं होतं.

सकाळचे कोड

इन्स्टॉलर संपताना एक कोड देतो. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालंच, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. याला अपयश समजून पुन्हा सोडू नका. १६१८ म्हणजे त्याच वेळी दुसरं काहीतरी बसत होतं. थोड्या वेळाने पुन्हा सोडा. १६०३ हा सगळ्यात त्रासदायक, कारण त्यातून फक्त 'जमलं नाही' एवढंच कळतं. अशा वेळी लॉग उघडा, 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा आणि त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा. खरं कारण तिथे असतं.

कोड हिरवे दिसले म्हणून थांबू नका, दोन मशीनवर सॉफ्टवेअर प्रत्यक्ष उघडा. लायसन्स सर्व्हर फायरवॉलमागे अडकला असेल तर ते उघडल्याशिवाय कळत नाही. फ्लेक्सनेट (लायसन्स वाटणारी प्रणाली) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी २७००० च्या आसपासचा पोर्ट मोकळा लागतो, आणि सोबतच्या व्हेंडर डीमनचा (त्या कंपनीचा लायसन्स सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) पोर्ट वेगळा असतो; तोही ठरवून उघडावा लागतो.

मशीनवर पोचवलेलं सेटअप काही आठवडे राहू द्या, जागेची घाई असेल तरच काढा. शेअरवरची मूळ प्रत तर हलवूच नका. ज्या जागेवरून बसवलं, विंडोज इन्स्टॉलरला दुरुस्तीच्या वेळी तीच जागा आठवते आणि फाइल सापडली नाही की तो ऐन कामाच्या वेळी वापरणाऱ्याला 'सोर्स कुठे आहे' असं विचारत बसतो.