आजारी माणसासाठी भाड्याचं घर बघताय? या चुका टाळा

दादाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्ही घर शोधलं ते फक्त भाडं बघून. सांगलीच्या गावभागात, जुन्या वाड्यातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. बाजार जवळ, मालक बोलायला गोड. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला त्याची डायलिसिसची पाळी होती. ती चुकली. त्याच्या पायावरची सूज आणि लागलेली धाप बघून आमच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर तीन घरं बदलली. पुढचं सगळं त्यातूनच कळलेलं आहे.

पुराचं मालकाला विचारणं

मालक म्हणतो, "आपल्याकडे पाणी येत नाही." विचारायचं ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला: "2019 ला कुठवर होतं? आणि 2021 ला?" सांगलीतला माणूस लगेच भिंतीवर हात लावून दाखवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटसारख्या सखल वस्त्यांतले लोक धोका पातळीच्या कितीतरी आधी सामान बांधायला घेतात. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे का, हे महापालिकेत विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. हिशोब कागदावरचा, आम्ही दोन वर्षांच्या अंतराने दोन पाहिले. शामरावनगरसारख्या भागात तर नदी न येताही पावसाचं पाणी साचून राहतं, आणि रिक्षावाला तिथे शिरत नाही.

आधीच अशा घरात राहत असाल तर 45 ची वाट बघू नका. कोयना धरणातून सोडलेलं पाणी वाढल्याची बातमी आली आणि पातळी चाळिशीकडे निघाली, की पेशंटला फाईल आणि पंधरा दिवसांच्या औषधांसह विश्रामबाग किंवा मिरजेकडच्या पाहुण्यांकडे हलवा. सामानाचं मागून बघता येतं.

बऱ्या दिवशी घर बघणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. दुसरं घर पहिल्या मजल्यावर घेतलं, पाण्याच्या भीतीनं. बघायला गेलो त्या दिवशी दादा ठणठणीत होता, भराभर जिना चढला. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर राहून आलेल्या माणसाचा बीपी उतरलेला असतो. तो चौथ्या पायरीवर बसायचा आणि मी पाण्याची बाटली घेऊन खाली यायचे. फिश्चुला (डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशननं जोडलेली शीर) असलेल्या हातानं वजन उचलायचं नसतं, आणि त्या घरात नळ खाली होता. म्हणजे बादल्या कुणी आणायच्या?

म्हणून घर बघायचं ते डायलिसिसच्या किंवा केमोच्या दुसऱ्या दिवशी, पेशंटला घेऊन. शक्य नसेल तर त्याचा वाईटात वाईट दिवस डोळ्यासमोर धरून. संडास घरात आहे की अंगणापलीकडे? रिक्षा दारापर्यंत येते का? रात्री दोन वाजता स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेल का? पाणी किती वाजता येतं, टाकी आहे का? ऑक्सिजनचं मशीन किंवा फ्रिजमधलं इन्सुलिन असेल तर इन्व्हर्टरचं आधीच बोलून घ्या. घरीच पोटाचं डायलिसिस (पोटात नळीनं द्रव सोडून) करणाऱ्यांना स्वच्छ, बंद होणारी खोली लागते आणि त्या द्रवाच्या पिशव्यांचे खोके रचायला एक अख्खा कोपरा. खोके किती असतात, हे मालकाला आधी सांगितलेलं बरं.

स्टॅम्पपेपरवर भागवणं

"अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" असं एजंटही सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी फी शहरात 1000 रुपये, ग्रामीण भागात 500; मुद्रांक शुल्क वेगळं. ऑनलाइन करून देणारे थंबचं मशीन घेऊन घरी येतात, त्यामुळे पेशंटला ऑफिसात बसावं लागत नाही. उपचार वर्षानुवर्षं चालणार असतील तर अकरा महिन्यांऐवजी छत्तीस महिन्यांची मुदत मागा. भाडेवाढ किती हेही त्यातच लिहून घ्या. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालकाला दुप्पट भाडं मागता येतं, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सगळं सांगणं किंवा सगळं लपवणं

दादाचं आम्ही सांगतो, कारण पहाटे पाचला रिक्षा येते आणि शेजाऱ्यांना तसंही कळतं. एचआयव्हीची गोष्ट वेगळी. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, केवळ या कारणावरून घर नाकारायला किंवा खाली करायला लावायला मनाई करतो. मालकाला सांगायची सक्ती नाही. गोळ्यांच्या डब्यावरून कुणी विचारलं तरी उत्तर द्यायला बांधील नाही. फक्त घर लांब घेतलंत तर एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते) बदलून मागा, गोळ्या मध्येच बंद करू नका. टीबीत औषध नीट लागू पडलं की संसर्गाचा धोका साधारण काही आठवड्यांत बराच कमी होतो, पण खोली हवेशीरच हवी. खिडकी नसलेली खोली स्वस्तात मिळाली तरी नको.

पत्त्याचा कागद मागे ठेवणं

दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत कर्करोग, क्षयरोग, एड्स असे आजार बसतात, पण रहिवासी पुरावा लागतो. नोंदवलेला करार तिथे उपयोगी पडू शकतो. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार एकमेकांशी जुळतात का, तेही आताच तपासा. ॲडमिट झाल्यावर धावपळ नको.

भांडण झाल्यावर तोंडी बोलत राहणं

तिसऱ्या घराच्या मालकानं "पेशंटमुळे पाणी जास्त लागतं" म्हणून मोटर बंद केली. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाडं रोख देऊ नका. बँकेतून द्या, पावती मागा. भाडं घ्यायलाच नकार दिला तर मनिऑर्डर करा, पोच जपून ठेवा. विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी कार्यालय) आहे. महिलांना आणि दिव्यांगांना तिथे मोफत वकील मिळतो. अर्ज आईच्या नावानं केला. पत्र गेलं आणि तिसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली. तोवर आम्ही विश्रामबागेत दुसरं घर बघून ठेवलं होतं, तळमजल्याचं, आणि शेजारच्या दुकानदारानं भिंतीवर हात कुठेच लावला नव्हता.