मासळीवाल्याचा जुना डीप फ्रीझर: वास घालवायचा कसा

भंडारा-गोंदियाकडे तलावाची मासळी भरपूर, त्यामुळे स्वस्तातला जुना डीप फ्रीझर बऱ्याचदा मासळीवाल्याचाच निघतो. त्यात खवा किंवा सीताफळाचा गर ठेवायचा, तर वास मुळातून जायला हवा. खवा कुठलाही वास पटकन ओढून घेतो.

हुंगायचा तो बंद असताना. गारव्यात वास दबतो आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं.

प्लग काढा, बर्फ आपसूक वितळू द्या. सुरीनं खरवडू नका; बहुतेक फ्रीझरात नळ्या आतल्या पत्र्याच्या मागेच असतात, भोक पडलं की गॅस गेला. मग सर्फ आणि कोमट पाण्यानं धुऊन घ्या.

आता वास. जो-तो सांगतो, खाण्याचा सोडा लावा. मासळीला सोडा लावून काही होत नाही! मासळीचा वास अमाइनांचा, म्हणजे मासळी नासताना तयार होणाऱ्या अल्कधर्मी (आंबटाच्या उलट गुणाच्या) रसायनांचा; त्याला आंबटच लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून भिंतींना फासा, पंधरा मिनिटं ठेवा, स्वच्छ पाण्यानं पुसा. सोडा त्यानंतर: लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे. नासक्या दुधाच्या आंबूस वासाला तो चालतो. दोन्ही एकत्र ओतून फेस काढणारे व्हिडिओ बघून हसावं. एकमेकांना मारून उरतं ते खारट पाणी. ब्लीच तर व्हिनेगरजवळ आणूच नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. डांबरगोळ्या, अगरबत्ती, कापूरही नको. मासळी परवडली, खव्याला डांबराचा वास नको.

एवढं करून वास उरलाच तर तो दोन जागी असतो: झाकणाच्या रबराच्या घड्यांत आणि तळाच्या पाणी जायच्या भोकात. बहुतेक लोक इथं हातच लावत नाहीत. रबराची प्रत्येक घडी बोटानं उघडून जुन्या टूथब्रशनं व्हिनेगर घासा. भोकात बाटली धुवायचा ब्रश घाला, येणारं पाणी नितळ होईपर्यंत.

झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा; आपल्या उन्हात रबर वाकडं होतं. घरात लेकरं असतील तर झाकणात लाकडी ठोकळा अडकवून बांधाच. आत अडकलेलं पोर गुदमरतं.

कोरडा झाला की फोडलेला लाकडी कोळसा परातीत ठेवून, न चालवता, दोन दिवस बंद करा. उघडल्यावर पुन्हा मासळी आली, तर कुजकं पाणी पत्र्यामागच्या फोममध्ये मुरलंय. तिथं काही पोचत नाही. असा फ्रीझर खव्याला नाही. पाण्याच्या बंद बाटल्या गोठवायला वापरा.