पीसीआय डिव्हाइस आणि इंटरप्ट : ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी

ड्रायव्हरच्या कामात नव्याने उतरणारे बहुतेक जण प्रोब फंक्शनपासून (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो तिथपासून) वाचायला लागतात. तिथे डिव्हाइसचा पत्ता आयता मिळतो, इंटरप्टचा (डिव्हाइसने सीपीयूला दिलेल्या हाकेचा) क्रमांकही आयता मिळतो, पण ते आले कुठून हे कळत नाही. मग काही बिघडलं की दोष आपल्या कोडचा, कर्नलने केलेल्या वाटपाचा की फर्मवेअरने दिलेल्या तक्त्याचा, हे ठरवता येत नाही. म्हणून प्रोबच्या अलीकडे काय घडतं ते आधी पाहायला हवं. इथली उदाहरणं लिनक्स आणि एक्स८६ ची आहेत. ऑफसेट आणि रजिस्टरमधल्या किमती हेक्समध्ये दिल्या आहेत.

प्रत्येक पीसीआय फंक्शनची (इथे फंक्शन म्हणजे डिव्हाइसमधला एक स्वतंत्र भाग) स्वतःची कॉन्फिगरेशन स्पेस असते. जुन्या पीसीआयमध्ये ती २५६ बाइटची होती, पीसीआय एक्स्प्रेसमध्ये ४०९६ बाइटची आहे, आणि पहिल्या ६४ बाइटचा आराखडा ठरलेला आहे. तिथवर पोचायचा पत्ता तीन आकड्यांचा : बस (० ते २५५), डिव्हाइस (० ते ३१), फंक्शन (० ते ७). जुन्या पद्धतीत सीएफ८ पोर्टवर पत्ता लिहून सीएफसी पोर्टवरून डेटा वाचतात. या वाटेने पहिले २५६ बाइटच दिसतात. नव्या पद्धतीत, म्हणजे ईकॅममध्ये, ही सगळी जागा मेमरीच्या पत्त्यांवर मांडलेली असते : फंक्शनमागे ४ केबी, बसमागे १ एमबी, पूर्ण २५६ बसना २५६ एमबी. ती कुठून सुरू होते हे एसीपीआयच्या (फर्मवेअर यंत्राची माहिती कर्नलला देतं ती पद्धत) एमसीएफजी तक्त्यात लिहिलेलं असतं.

बूट होताना कर्नल ऑफसेट ० वरचा व्हेंडर आयडी वाचतो. एफएफएफएफ आलं तर तिथे कोणी नाही. ही खूण लक्षात ठेवा, कारण चालू ड्रायव्हरमध्ये एखादं रजिस्टर अचानक सगळे १ दाखवू लागलं, तर त्याचाही अर्थ बहुधा हाच असतो : डिव्हाइस बसवरून गेलंय, झोपलंय किंवा त्याचं मेमरी डीकोडिंग (मेमरीच्या पत्त्यांना उत्तर देणं) बंद आहे. स्टेटस रजिस्टर वाचून लगेच बिट तपासणारा कोड अशा वेळी सगळे बिट लागलेले बघून भलतीकडेच धावतो. इंटरप्ट हँडलरमध्ये ही एक तपासणी घातलेली बरी.

मध्ये ब्रिज (दोन बस जोडणारा दुवा) लागला तर कर्नल त्याच्या पलीकडच्या बसला क्रमांक देतो, सबॉर्डिनेट रजिस्टरमध्ये (पलीकडच्या सगळ्यात मोठ्या बसचा क्रमांक इथे असतो) तात्पुरती मोठी किंमत ठेवतो, पलीकडचं सगळं मोजून झालं की खरा आकडा लिहितो. नवख्याला इथे याहून खोलात जायची गरज नाही.

खरी गंमत बारमध्ये, म्हणजे बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरमध्ये आहे. साध्या डिव्हाइसला १० ते २४ या ऑफसेटवर असे सहा रकाने असतात. डिव्हाइसला किती जागा हवी हे कुठेही सरळ लिहिलेलं नसतं; ते काढून घ्यावं लागतं. बारमध्ये सगळे १ लिहायचे आणि परत वाचायचं. समजा एफएफएफ००००सी आलं. शेवटचे चार बिट आकाराचे नाहीत, प्रकाराचे आहेत. सी म्हणजे ११०० : बिट ० शून्य, म्हणून मेमरी; बिट २ आणि १ मिळून १०, म्हणून ६४ बिटी; बिट ३ लागलेला, म्हणून प्रीफेच (आगाऊ वाचन) चालेल. ते चार बिट पुसले की उरतं एफएफएफ०००००. ते उलटं करून १ मिळवला की १००००० येतं, म्हणजे १ एमबी. बार ६४ बिटी असला तर शेजारचा रकाना त्याचाच वरचा अर्धा भाग असतो. म्हणून अनेक कार्डांवर बार ०, २, ४ दिसतात आणि १, ३, ५ गायब असतात. बार १ मॅप होत नाही (कर्नलच्या पत्त्यांवर मांडता येत नाही) म्हणून हैराण होण्याआधी हे तपासा.

हे मोजमाप चालू असताना कमांड रजिस्टरचे (ऑफसेट ०४) बिट ० आणि १, म्हणजे आयओ आणि मेमरी डीकोडिंग, बंद ठेवावे लागतात. नाही तर क्षणभर डिव्हाइस ४ जीबीच्या अगदी खालच्या पत्त्यांना उत्तर द्यायला लागतं, आणि तिथे फर्मवेअरची रॉम आणि इंटरप्ट कंट्रोलर राहतात. चालू डिव्हाइसवर सेटपीसीआय या आज्ञेने बार मोजून बघायचा मोह म्हणूनच टाळावा. एलएसपीसीआय दोन व्ही देऊन चालवा, आकार तिथेच छापून येतो.

वाटप फसलं की कर्नलच्या लॉगमध्ये जागा नसल्याची ओळ येते. मेमरी खरंच संपलेली असते असं नाही. ब्रिजची मेमरी खिडकी (ब्रिज पलीकडे पाठवतो तो पत्त्यांचा पट्टा) १ एमबीच्या पटीतच उघडते, आणि प्रीफेच न चालणारी खिडकी ३२ बिटी असल्यामुळे ती ४ जीबीच्या खालीच मावावी लागते. फर्मवेअरने ती लहान ठेवली असेल तर मागून जोडलेलं मोठं कार्ड बाहेर राहतं. बूटच्या पर्यायांत पीसीआय समोर रीअ‍ॅलॉक दिलं की कर्नल खिडक्या नव्याने मांडून पाहतो. हे आधी करून बघा, मग ड्रायव्हरला हात लावा.

आता इंटरप्ट. जुन्या पद्धतीत चार तारा : इंट-ए ते इंट-डी. डिव्हाइस कोणती वापरतं हे ऑफसेट ३डी वर १ ते ४ या आकड्यांत असतं. ब्रिज ओलांडताना तार फिरते : पिनमधून १ वजा, त्यात डिव्हाइस क्रमांक मिळवा, ४ ने भागून बाकी घ्या, १ मिळवा. डिव्हाइस ५ चा इंट-ए पलीकडे इंट-बी होऊन निघतो. मुळाशी पोचलेली तार इंटरप्ट कंट्रोलरच्या कोणत्या पायाला जोडली आहे हे फक्त बोर्ड बनवणाऱ्याला माहीत असतं, आणि तो ते एसीपीआयच्या पीआरटी तक्त्यात सांगतो. ऑफसेट ३सी वरची इंटरप्ट लाइन ही निव्वळ फर्मवेअरची टिपण आहे. हार्डवेअर तिच्याकडे बघतही नाही. तिथला आकडा वाचून हँडलर लावू नका.

या तारा सामाईक असतात आणि पातळीवर चालतात. डिव्हाइसने तार सोडेपर्यंत इंटरप्ट येतच राहतो. हँडलरने आपलं स्टेटस रजिस्टर पाहावं, काम आपलं नसेल तर तसं परत सांगावं. कोणीच जबाबदारी घेतली नाही आणि एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असं लिहून ती तार बंद करतो, आणि त्या तारेवरची शेजारची निरपराध डिव्हाइसही मुकी होतात. आणखी एक खोच : डिव्हाइसला पोच देणारं लिखाण वाटेत रेंगाळू शकतं. पोच लिहिल्यावर त्याच डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचा, म्हणजे आधीचं लिखाण पोचल्याची खात्री होते.

एमएसआयमध्ये (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट, म्हणजे संदेशाने दिलेला इंटरप्ट) तारच नाही. डिव्हाइस ठरलेल्या पत्त्यावर, एक्स८६ वर एफईई ने सुरू होणाऱ्या भागात, एक छोटं मेमरी लिखाण करतं. वाटून घेण्याचा प्रश्न मिटतो, आणि आधी पाठवलेला डीएमएचा (डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिलेला) डेटा इंटरप्टच्या पुढे मेमरीत पोचलेला असतो. एमएसआयमध्ये कमाल ३२ व्हेक्टर (वेगवेगळे इंटरप्ट), तेही दोनच्या घातात. एमएसआय-एक्समध्ये २०४८, आणि त्यांचा १६ बाइटच्या नोंदींचा तक्ता डिव्हाइसच्याच एखाद्या बारमध्ये असतो. मागितले तितके मिळतीलच असं नाही. इंटरप्ट रीमॅपिंग (इंटरप्टचं लिखाण वाटेत तपासून वळवणारं हार्डवेअर) नसलेल्या एक्स८६ यंत्रावर साध्या एमएसआयचा एकच व्हेक्टर मिळतो. वाटपाच्या फंक्शनने परत दिलेला आकडा पाहूनच डिव्हाइसच्या रांगा (क्यू) मांडा.

एमएसआय हे डिव्हाइसने केलेलं लिखाण असल्यामुळे कमांड रजिस्टरचा बिट २, म्हणजे बस मास्टर, लागलेला हवा. तो विसरला की सगळं बरोबर दिसतं आणि इंटरप्ट मात्र येत नाही. ड्रायव्हरमधला क्रम असा ठेवा : डिव्हाइस एनेबल, बारची जागा राखणं, मॅप करणं, डीएमए मास्क (डिव्हाइस किती बिटांपर्यंतचे पत्ते वापरू शकतं ते सांगणं), बस मास्टर, व्हेक्टरचं वाटप, हँडलरची नोंदणी, आणि सगळ्यात शेवटी डिव्हाइसच्या स्वतःच्या रजिस्टरमधून इंटरप्ट चालू करणं. काढताना नेमकं उलट.

सरावाला खरं कार्ड लागत नाही. क्यूएमू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘एज्यु’ नावाचं शिकाऊ डिव्हाइस आहे : व्हेंडर १२३४, डिव्हाइस ११ई८, बार ० मध्ये १ एमबी. ऑफसेट ०४ वर काहीही लिहा, परत वाचताना त्याचे बिट उलटे आले तर मॅपिंग जमलं. मग २० वर ८० लिहा, ०८ वर ५ लिहा. फॅक्टोरियल मोजून झाला की इंटरप्ट येतो, २४ वर त्याचं कारण दिसतं, तेच ६४ वर लिहून पोच द्यायची, आणि ०८ वरून ७८, म्हणजे दशमान १२०, वाचायचं. प्रोक इंटरप्ट्स या फाइलमधला आकडा एकाने वाढला पाहिजे.

हे जमलं की ६४ वरची पोच मुद्दाम गाळून बघा. एमएसआय असताना पुढचा फॅक्टोरियलही मुकाट्याने चालतो. बूटच्या पर्यायांत पीसीआय समोर नोएमएसआय देऊन तोच ड्रायव्हर तारेवर आणा : हँडलर काम आपलंच असल्याचं सांगत राहतो, त्यामुळे ‘नोबडी केअर्ड’ची ओळसुद्धा येत नाही, आणि इंटरप्ट घेणारा सीपीयू त्या हँडलरमध्येच अडकून पडतो.