अभियांत्रिकीला विज्ञानाच्या मायनरची जोड द्यावी का?

मायनर म्हणजे मुख्य पदवीसोबत दुसऱ्या शाखेत घ्यायचा छोटा जोडअभ्यासक्रम. त्याचा विचार बहुतेक विद्यार्थी विषयाच्या नावापासून सुरू करतात. माझ्या मते तो मायनरमध्ये शिकायच्या विषयांच्या यादीतील शेवटच्या दोन विषयांपासून सुरू करावा. भौतिकशास्त्राचेच घ्या. त्यातील यांत्रिकी, उष्मागतिकी आणि विद्युतचुंबकत्व यांचा बराचसा भाग अभियांत्रिकीत तसाही होऊन जातो. खरे नवे असते ते पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स), सांख्यिकीय भौतिकी किंवा घनावस्था भौतिकी (घन पदार्थांचे भौतिकशास्त्र), आणि ते शेवटी येते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान, म्हणजे स्फटिकात तो जणू ज्या वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो ते, हा तक्त्यातून उचलायचा आकडा असतो. घनावस्था भौतिकीत तोच आकडा ऊर्जा आणि तरंगसदिश (इलेक्ट्रॉनच्या तरंगाची दिशा आणि दाटी सांगणारी राशी) यांच्या आलेखाच्या वक्रतेतून काढावा लागतो आणि वक्रता जितकी अधिक तितके वस्तुमान कमी का, हे तिथे उलगडते. ग्रंथालयातून पुस्तक आणून ही मांडणी एकदा कागदावर स्वतः करून पाहावी. ती करताना चहा निवला असेल तर पुढे वाचावे. दर ओळीला ‘हे परीक्षेला येते का’ असे मनात येत असेल, तर मायनरचा नाद सोडलेला बरा.

पुढचे काम हिशेबाचे. मायनर म्हणजे साधारणपणे पाच-सहा विषय; त्यांतला एखादा विषय पदवी आणि मायनर अशा दोन्हीकडे धरला जातो का, हे विभागाकडून लेखी घ्यावे, कारण निर्णय अनेकदा या एकाच नियमावर फिरतो. मग उरलेल्या सत्रांचा तक्ता करून पूर्वअटी मांडाव्यात: पुंजयामिकीआधी रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे, जीवरसायनशास्त्राआधी सेंद्रिय रसायनशास्त्र. वर्षातून एकदाच शिकवला जाणारा विषय हुकला, तर सगळी साखळी वर्षभर लांबते. प्रात्यक्षिकाचे क्रेडिट कागदावर एकच दिसते, पण आठवड्याची एक दुपार आणि जर्नल लिहिण्याची संध्याकाळ खाते.

नोकरीच्या दृष्टीने मायनर ही गुणपत्रकावरची एक ओळ आहे. मुलाखतीत बोलणे होते ते प्रकल्पावर. सेमीकंडक्टर, पदार्थविज्ञान, संगणकीय जीवशास्त्र किंवा विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण या वाटांवर चित्र वेगळे असते, परंतु तिथेही मोजले जातात ते प्रत्यक्ष केलेले विषय, त्यामुळे मायनर न घेता त्यातले हवे तेच दोन विषय ऐच्छिक म्हणून घेऊनही पुष्कळदा काम भागते.

तरीही मन होकाराकडे झुकत असेल, तर पहिला विषय असा निवडावा की मायनर मध्येच सोडले तरी तो पदवीच्या ऐच्छिक विषयांत धरला जाईल.