जुन्या पद्मिनीचा पत्रा आणि रंग: काम कुठून सुरू करावं

प्रीमियर पद्मिनी घेताना लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. ऐका जरूर, पण १०८९ सीसीचं ते साधं इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक उघडून बांधून देईल. खिसा रिकामा करतो तो पत्रा. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलेल्या आणि १९७४पासून पद्मिनी झालेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालचे सिल आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. सिल कुजले की गाडी मधोमध लवते आणि दारं नीट लागत नाहीत.

म्हणून रंगाचं कार्ड सर्वांत शेवटी बघा. आधी एक चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे खाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापलेली आहे. मग जाजमं उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोर लावून टोचा: जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा पत्रा, डिकीची फरशी, पुढच्या काचेच्या रबराखालची कड. रंगाला बाहेरून रुपयाएवढा फुगा दिसत असेल, तर आत तळहाताएवढा पत्रा गेला आहे असंच धरून चाला.

कागदाचं कामही आत्ताच. रंग बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद लागते. गाडी पन्नाशीपार असेल आणि २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घ्यायचा असेल, तर गाडी मूळ रूपात असावी लागते, बॉडीत मोठे फेरफार चालत नाहीत. कामाआधीचे आणि कामाच्या दरम्यानचे फोटो काढून ठेवा. चासी नंबरची जागा पेंटरला स्वतः दाखवा आणि टेप लावून झाका. लांबीखाली गेलेला नंबर आरटीओत फार महाग पडतो.

गाडी सोडवताना प्रत्येक पट्टी, मोनोग्राम आणि क्लिप वेगळ्या पिशवीत चिठ्ठी घालून ठेवा. क्लिपा क्षुल्लक वाटतात, पण नेमक्या त्याच सापडत नाहीत. मग चोर बाजारात सकाळ जाते. काचेचं जुनं रबर नवीन हातात आल्याशिवाय कापू नका.

रंग उतरवायला बॉनेट, छप्पर, दारं अशा सपाट भागांवर सँडब्लास्टिंग करू देऊ नका. पातळ पत्रा तापून लाटा धरतो आणि ती लाट पुन्हा बसत नाही. तिथे पेंट रिमूव्हर आणि खरवडणी बरी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासताना मास्क हवाच.

आता डेंटरचं काम, आणि वेळ द्यायचा तो इथेच. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. सिल कापण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर नीट टेकवा, दारं जागच्या जागी ठेवा आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी वाकते, मग दारांच्या फटी जन्मात जुळत नाहीत. नवा पत्रा आधी वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर धरायचा, दार उघडून-लावून बघायचं आणि मगच पुढे जायचं. गॅसपेक्षा मिग (विजेवर चालणारं, तारेचं) वेल्डिंग घ्या, पत्रा कमी तापतो. सलग ओढू नका. इथे एक ठिपका, पुढचा वीतभर लांब. ‘गंजावर फायबर मारून देतो, साहेब’ असं कोणी म्हणालं तर गाडी परत घेऊन या.

उघडा पत्रा मुंबई-कोकणच्या हवेत रात्रभरात तांबूस होतो, तेव्हा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. त्यावर लांबी, पण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. खड्डा त्याहून खोल असेल तर हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आधी वर काढायचा. लांबी नेहमी ठोकळ्यावर कागद गुंडाळून कोरडीच घासा. ती पाणी पिते, आणि ते पाणी पुढे रंगाखाली फुगे आणतं. नंतर सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमरचा थर), त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा, मग ४००चा वॉटर पेपर. काळे ठिपके उरतील तो खळगा. ट्यूबलाइट आडवी धरून तिचं प्रतिबिंब बघा. रेघ जिथे वळते तिथे परत घासा.

रंग साधाच निवडा. मेटॅलिकचा टच-अप पुढे जुळत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. तोंडाला रुमाल बांधून तो मारणाऱ्याकडे काम देऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पावसाळ्यात नकोच. दारांच्या आतल्या कडा आधी, बाहेरची बाजू नंतर.

बंपर-पट्ट्या बसवण्याआधी दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी निघायची भोकं तपासा. पेंटर ती हमखास बुजवतात. तारेने मोकळी करा, आतून पातळ वॅक्स फवारा. बाहेरच्या रंगाला मात्र महिनाभर वॅक्स लावू नका.