घसा खवखवतोय? काढा करा, पण मोजून

निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली की नाशकात दोन गोष्टी हमखास होतात. एक, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. दोन, घरातलं कुणीतरी सकाळी उठून घोगऱ्या आवाजात 'घसा धरलाय गं' म्हणतं.

कोरोनाच्या दिवसांत मी मिरी-दालचिनीचा जाळ काढा दिवसाला चार-चार कप प्यायले. सर्दीचं माहीत नाही, पण पित्त उसळलं आणि तोंड आलं ते आठ दिवस. तेव्हापासून आमच्याकडे काढा चमच्याने मोजून होतो.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपली आपणच जाते. काढ्याने ती पळून जात नाही. तेवढे दिवस घसा शांत राहावा, रात्री झोप लागावी, यासाठी हा खटाटोप.

आधी गुळण्या

घशात टोचायला लागलं की पहिलं काम हेच. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा. घोट घ्या, मान मागे टाका आणि घर्रर्र आवाज काढत वीसेक सेकंद पाणी घशाशी खेळवा, मग थुंका. पेला संपेपर्यंत असंच, दिवसातून तीन-चार वेळा. पुष्कळ जण नुसती चूळ भरतात आणि गुळण्यांनी काही होत नाही म्हणतात. पाणी घशापर्यंत पोचायला तर हवं! चिमूटभर हळद घालायची तर घाला, बेसिन मात्र लगेच धुवा. लहान मुलांना गुळण्या जमत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका.

काढा

बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, गेलात तर आलं आणि गवती चहाची जुडी दोन्ही तिथेच मिळतं. तुळस दारात असतेच. ज्येष्ठमध काष्ठौषधींच्या दुकानातून घ्या, तोही पूड नको, काड्या घ्या. काडी मोडल्यावर आत पिवळी आणि चावल्यावर गोड लागली पाहिजे.

दोघांसाठी तीन कप पाणी घ्या. अंगठ्याच्या पेराएवढं आलं, चार मिरी, दोन लवंगा आणि बोटभर ज्येष्ठमधाची काडी खलबत्त्यात जाडसर ठेचा. पूड करू नका, काढा गढूळ होतो आणि घशाला उलट खाज सुटते. हे पाण्यात घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. पाणी दोन कपांवर आलं की गॅस बंद करा.

आता पानं. तुळशीची सात-आठ पानं आणि गवती चहाची दोन पाती हाताने चुरडून टाका आणि पाच मिनिटं घट्ट झाकण ठेवा. पानं पहिल्यापासून उकळत ठेवली की त्यांचा वास, म्हणजे त्यातलं सुगंधी तेल, वाफेबरोबर उडून जातं. सगळ्या घराला छान वास सुटतो, कपात मात्र काही उरत नाही. झाकण काढाल तेव्हा झाकणाखालचे थेंबही पातेल्यातच पाडा.

गाळून, कोमट झाल्यावर चमचाभर मध घाला. दिवसाला दोन कप पुरे, तेही रिकाम्या पोटी नकोत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटालासुद्धा चाटवायचा नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी. त्यातून बाळाला बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

ज्येष्ठमध गोड असला तरी निरुपद्रवी नाही. सतत खाल्ला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. बीपीची गोळी चालू असेल, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, पोटुशी असाल, तर काढ्यातून तो वगळाच. बाकीच्यांनीही चार-पाच दिवसांवर ओढू नये.

अडुळशाबद्दल नेहमी विचारलं जातं. खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्सिन हे नाव वाचलं असेल. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ते औषध बेतलेलं आहे. म्हणजे कुंपणाच्या त्या कडू पानांत दम आहे. पण म्हणूनच ती अंदाजपंचे घेऊ नयेत, वैद्यांना विचारून घ्यावीत. गरोदरपणात तर नकोतच.

नाक चोंदलं असेल तर

नुसत्या गरम पाण्याचा वाफारा पुरतो. पातेलं गॅसवरून उतरवून टेबलावर मधोमध, हलणार नाही असं ठेवा, मिनिटभर थांबा, मग डोक्यावर टॉवेल घेऊन पाच मिनिटं बसा. मांडीवर पातेलं घेऊन बसणारे लोक मी पाहिलेत; एक शिंक आली की संपलं. लहान मुलांना वाफारा देऊच नका. उकळत्या पाण्याने भाजण्याची भीती फार. त्यांच्या नाकाशी कापूर चोळणंही धोक्याचं, आणि तो पोटात गेला तर झटके येऊ शकतात. मोठ्यांसाठी तव्यावर कोरडा भाजलेला ओवा रुमालात बांधून हुंगला की झोपताना बरं वाटतं.

रात्री हळद-दूध. पाव चमचा हळद दुधात उकळायची, हवी तर मिरपूड. त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

दवाखाना कधी

ताप तीन दिवसांत उतरला नाही, थुंकी गिळवेना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, अंगावर पुरळ उठलं, किंवा कान ठणकायला लागला, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. दम लागत असेल तर त्याच घटकेला. घशाचा जिवाणूंमुळे झालेला संसर्ग मुलांमध्ये अंगावर काढला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तिथे अँटिबायोटिकच लागतं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला तर क्षयरोग नाही ना, हे पाहायला थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.