रेसही, चेन्नईही: सोलापूरहून निघण्याआधीची तयारी

चेन्नईजवळ कार रेस बघायला जाणार असाल, तर आधी रेसची तारीख पक्की करा, मगच रेल्वेचं तिकीट काढा. राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा मागेपुढे होतात, त्यामुळे आयोजकांची ताजी घोषणा पाहून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुंबई-चेन्नई गाड्या सोलापूरवरून वाडी, रायचूर, गुंतकलमार्गे जातात. चेन्नईत सेंट्रलला उतरायचंय की एग्मोरला, हे तिकिटावर बघूनच खोली घ्या.

शुक्रवारी पोहोचा, सोमवारी निघा. रविवार रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका. ट्रॅकवर ऑइल सांडलं, मोठा अपघात झाला किंवा पावसाची जोरदार सर आली की रेस थांबवणारा लाल झेंडा निघू शकतो आणि पुढच्या सगळ्या रेस लांबत जातात. शेवटची रेस सोडून स्टेशनाकडे पळावं लागलं तर एवढ्या लांब जाऊन उपयोग काय?

शुक्रवारी एग्मोरचं सरकारी म्युझियम बंद असतं, ते सोमवारी करा. मैलापूरचं कपालीश्वर मंदिर दुपारी बंद होतं, तेव्हा तिथे सकाळीच जा, संध्याकाळ मरीना किनाऱ्याला द्या. रेस जिथे होते ते इरुंगाट्टुकोट्टैचं ३.७ किलोमीटरचं सर्किट शहराच्या पश्चिमेला, बंगळुरू हायवेवर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे आहे. महाबलीपुरम दक्षिणेला, म्हणून रेसच्या दिवशी त्याचा विचारच नको. कांचीपुरम मात्र सर्किटच्याच बाजूला पुढे आहे. विणकामाची नजर असलेल्या सोलापूरकरांनी त्यासाठी अर्धा दिवस काढावाच.

सर्किटपर्यंत मेट्रो जात नाही. टॅक्सी जाऊन-येऊन, थांबण्याच्या पैशांसह ठरवा. संध्याकाळी सगळे एकदमच बाहेर पडतात आणि हायवेवर रिकामी गाडी मिळत नाही. बसायला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटची जागा बघा. तिथे ब्रेक लागतात, तिथेच ओव्हरटेक होतात. पट्ट्याच्या मधोमध बसलात तर गाडी दिसते न दिसते तोच निघून जाते.

कानांची काळजी सगळ्यात महत्त्वाची. १०० डेसिबलच्या आवाजात मोकळ्या कानांनी १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबणं धोक्याचं, आणि रेसकारचा आवाज त्याच्याही वर जातो. माणशी कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांच्या दोन जोड्या घ्या. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसता टेकवलेला बोळा काहीच अडवत नाही. लहान मुलांना कान झाकणारे इअरमफ घ्या.

ऊन आपल्याला नवं नाही, पण आपलं कोरडं, तिथलं दमट. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. सुती कपडे, टोपी, माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. छत्रीने मागच्यांना दिसत नाही, रेनकोट बरा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या, मात्र भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. त्या हवेत उघडी राहिली तर काही तासांत सादळते.